समुद्र कोंढ्यापर्यंत यायचा

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, असं भूगोलाचं पुस्तक सांगतं. माझ्या आजाला ते मान्य नव्हतं. "आपल्याले समुंदरावर जावा लागत नाही गा, थोच दर साली आपल्या घरी येते," असं तो ठासून सांगायचा आणि पुरावा म्हणून ताटाकडे बोट दाखवायचा. ताटात भात असायचा आणि वैनगंगेच्या झिंग्यांची आंबाडी घातलेली भाजी. शाळेत नकाशा रंगवताना आम्ही निळा खडू मुंबईच्या बाजूला फिरवायचो. आजाचा समुद्र मात्र उलट्या अंगाला होता, उगवतीला. आमची नदी तिकडेच जाते म्हटल्यावर त्याचं म्हणणं खोडून काढणं कुणाला जमलं नाही.

कोंढा हे भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीकडे जाताना लागणारं गाव. शेजारच्या कोसऱ्याशी त्याची अशी जोडी जमलेली की बाहेरचे लोक 'कोंढा-कोसरा' असं एका दमात म्हणतात. मुलूख धानाचा. बांध्या, बोड्या, तलाव यांनी भरलेला. पाण्याचं अप्रूप वाटावं असा नव्हे. तरी आंघोळीचं पुण्य, दहाव्याचा पिंड आणि अस्थी या तीन गोष्टींना बोडीचं पाणी चालत नसे. त्यासाठी वैनगंगाच लागे, आणि वैनगंगा म्हणजे पवनीचे घाट.

ढिवर समाजातल्या एका म्हाताऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. त्याची बायको डोक्यावर टोपली घेऊन गावात यायची. पळसाच्या पानावर झिंग्यांचे वाटे लावायची. त्या टोपलीत डोकावणं हा आमचा उद्योग. ताजा झिंगा अर्धवट पारदर्शक, हिरवट राखाडी. मिशा अंगापेक्षा लांब. पायांची दुसरी जोडी पुढे आलेली, टोकाला चिमटे, त्यांनी बोट धरलं की सोडत नसे. काहींच्या पोटाखाली अंड्यांचा घोस चिकटलेला असायचा. कढईत जवसाच्या तेलावर लसूण-मिरची पडली आणि झिंगे गेले, की बघता बघता त्यांचा रंग विटेसारखा तांबडा व्हायचा. मग वरून आंबाडीचा पाला.

मामा एकदा ओट्यावर बसला असताना आजानं त्याला छेडलं, "काहून गा, हे झिंगे एवढे येतेत कोठून?" मामा म्हणाला, "हे आपल्या इथले नव्हत, मामंजी. आंडेवाली झिंगी पुरात खाली जाते, लय खाली, जेथं पानी खारं लागते. थेथं लेकरं होतेत. पानी निवळलं का मंग लेकरं काठाकाठानं वर येतेत." आम्ही पोरं हसलो. नखाएवढं पिल्लू शेकडो कोस चालत कोंढ्याच्या टोपलीत येतं, ही गोष्ट आम्हाला राक्षसाच्या गोष्टीच्या जातीची वाटली.

मामाचं बोलणं प्राणिशास्त्राला धरून होतं. या झिंग्याला शास्त्रात मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी म्हणतात. मासळीच्या जाणकारांत तो गोदावरीचा झिंगा म्हणूनच ओळखला जातो. तो वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याची अळी जगायला थोडं खारं पाणी लागतं. म्हणून अंडी वाहणाऱ्या माद्या प्रवाहासोबत मुखाकडे सरकतात. तिथे निमखाऱ्या पाण्यात अळ्यांचे झिंगे होतात आणि ती पिल्लं प्रवाहाविरुद्ध वर चढतात. पाण्याचा जोर असेल तिथे काठ धरतात, आडवा दगड आला तर ओल्या कडेनं सरपटत पार होतात. समुद्र दर साली घरी येतो, हे आजाचं वाक्य अलंकारिक नव्हतं.

आता त्या झिंग्याची वाट माणसाच्या पायांनी चालून बघू. मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावापाशी वैनगंगा निघते. शिवनी-बालाघाटात मोठा वळसा घालून ती आपल्याकडे उतरते. भंडाऱ्याच्या खाली आंभोऱ्याला कन्हान तिला मिळते. आम, मुरझा, कोलारी याही तिथेच येतात, म्हणून त्याला पाच नद्यांचा संगम म्हणायचं. टेकडीवर चैतन्येश्वर. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच लिहिला, असं आमच्याकडचे लोक छातीठोकपणे सांगतात. अंबाजोगाईकर तितक्याच ठामपणे तो मान आपल्याकडे ओढतात. त्या वादात मी पडत नाही. आजा म्हणायचा, "लिवनारा कोठी बसला, थे पान्याले नाही समजत."

पवनी मात्र निर्विवाद. तालुक्याचं ठाणं ती अलीकडे झाली, आमची काशी फार आधीपासून. दिवाण घाट, वैजेश्वराचा घाट, पायरीगणिक देवळं, आणि विदर्भाच्या अष्टविनायकांतला सर्वतोभद्र गणपती. गावाला किल्ल्याची तटबंदी आणि दरवाजा. जुनी माणसं सगळं श्रेय पवन राजाला देऊन मोकळी होत. पण 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं आणि पवन राजाच्या गोष्टीखाली बौद्ध स्तूप निघाले. जगन्नाथ टेकडी, जिला लोक देवाची टेकडी समजून नमस्कार करत, ती विटांच्या मोठ्या स्तूपावर उभी होती. शिल्पांत मुचलिंद नाग सापडला, पावसात बुद्धावर फणा धरणारा, आणि ब्राह्मीत कोरलेलं त्याचं नावही. सातवाहनांची नाणी मिळाली.

ते खोदकाम सुरू असताना आमच्या भागातले बाप्ये मजुरीला गेले होते. आजाच्या बैठकीत त्यांच्या गोष्टी रंगत. टोपलं भरून माती काढायची, पण ब्रशनं. एवढी नाजूक मजुरी त्यांनी जन्मात केली नव्हती. नाग निघाल्यावर एकानं म्हणे तिथेच हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी नारळ आणला. साहेब लोक हसले नाहीत, असं तो आवर्जून सांगे. सातवाहनांची सत्ता पश्चिमेच्या घाटांपासून पूर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली होती. त्यांचं नाणं पवनीच्या मातीत निघतं, तेव्हा आपण आडबाजूला आहोत ही भंडारेकरांची जुनी तक्रार दोन हजार वर्षांपूर्वीपुरती तरी फेटाळावी लागते.

पवनीच्या पुढे ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी असे तीर धरत नदी गडचिरोलीत शिरते. मार्कंड्याला ती वळून उत्तरेकडे वाहते; त्या वळणावर कोरीव देवळांचा समूह आहे आणि महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. त्याच्याही खाली चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. नावं गळून पडतात, पाणी तेच. प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते. पलीकडच्या काठावर कालेश्वर. गोदावरीच्या एकूण पाणलोटाचा साधारण तिसरा हिस्सा एकट्या प्राणहितेचा आहे. नाशिक-पैठणच्या लोकांनी गोदावरीवर कितीही हक्क सांगितला, तरी राजमहेंद्रीला जो फुगलेला प्रवाह दिसतो त्यात विदर्भाचा वाटा घसघशीत आहे.

सिरोंच्याची गोष्ट आजाकडे त्याच्या चुलत्याकडून आली होती. तो तरुणपणी जंगल ठेकेदाराकडे कामाला होता. अहेरी-सिरोंच्याचं सागवान तोडून, ओंडके एकमेकांना बांधून, पावसाळ्याच्या पाण्यावर खाली राजमहेंद्रीला सोडत. त्या तराफ्यावर माणसं बसत, तिथेच चूल मांडत. चुलता एका खेपेला तराफ्याबरोबर खाली गेला तो दिवाळी उलटल्यावर परतला. घरच्यांनी आशा सोडली होती. परत येऊन त्यानं सांगितलं ते एवढंच, की खाली नदीचा दुसरा काठ दिसत नाही आणि तिथले लोक आंबाडीत झिंगे घालून खातात. आजीला यातलं दुसरं वाक्य जास्त विश्वासार्ह वाटलं.

या पाण्यावर डोळा असलेला आणखी एक माणूस होता, सर आर्थर कॉटन. गोदावरीच्या मुखाकडच्या मुलखात दुष्काळ आणि 1839 चं भयंकर वादळ झाल्यावर या इंग्रज इंजिनियरनं धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला, 1847 ते 1852 या काळात. त्यानंतर त्याच्या डोक्यानं वरची वाट घेतली. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा आगबोटींना चालत्या केल्या, तर वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलगाड्यांनी मुंबईला न नेता पाण्यानं थेट पूर्व किनाऱ्यावर उतरवता येईल, असा त्याचा हिशेब. अमेरिकेत 1861 ला यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि या योजनेला हवा मिळाली. नदीत आडवे पडलेले खडकांचे तीन पट्टे हा मोठा अडथळा होता. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मुगुडेमला, तिसरा प्राणहितेत सिरोंच्याच्या वर. दुम्मुगुडेमला बंधारा, कालवा, दरवाजे बांधून झाले. सिरोंचा तेव्हा 'अपर गोदावरी' नावाच्या जिल्ह्याचं ठाणं होतं. पण 1867 ला रेल्वे नागपूरला पोहोचली, कापसाला लोखंडी रस्ता मिळाला आणि 1871 च्या सुमारास काम गुंडाळलं गेलं. जिल्हाही 1874 ला चांद्यात विलीन झाला. आगबोट वर आली नाही. झिंगा येत राहिला. त्याला कोणाची मंजुरी लागत नव्हती.

आजा गेला तेव्हा त्याच्या अस्थी पवनीच्या घाटावर सोडल्या. "समुंदर पोचते थे," असं मामा म्हणाला. पुढे मी बल्लारशाहून रेल्वेनं विजयवाडा आणि तिथून राजमहेंद्री गाठलं. सकाळी गाडी पुलावर आली तेव्हा आजाच्या चुलत्याचं पहिलं वाक्य आठवलं. गोदावरी तिथे काही किलोमीटर रुंद आहे. 1974 चा रेल्वे आणि मोटारींचा जोडपूल चार किलोमीटरांहून लांब. काठावर जिकडेतिकडे घोड्यावर बसलेल्या कॉटनसाहेबांचे पुतळे. राज्य करायला आलेल्या गोऱ्यांत एवढं प्रेम क्वचितच कुणाला मिळालं असेल. दुपारी एका खानावळीत 'गोंगुरा रोय्यलु' मागवलं. गोंगुरा म्हणजे आपली आंबाडी आणि रोय्या म्हणजे झिंगा. मिरची आमच्यापेक्षा सणसणीत, तेल वेगळं. बाकी भाजी कोंढ्याचीच. आजीनं विश्वास ठेवला तो योग्यच होता.

धवळेश्वरमच्या खाली नदी फुटते. एक फाटा गौतमी, दुसरा वसिष्ठा. सप्तर्षींच्या नावानं सात मुखं मानतात आणि मधल्या त्रिकोणाला कोनसीमा म्हणतात. नारळी, केळी, कालवे आणि भातखाचरं. धानाचा वास तोच, फक्त बांध्यांच्या कडेला मोहाऐवजी माड. वसिष्ठा अंतर्वेदीला समुद्रात जाते. तिथे लक्ष्मीनरसिंहाचं देऊळ आहे, माघात कल्याणोत्सव होतो, रथ निघतो. देवळापासून पुढे दीपगृह लागतं आणि मग वाळूचा पट्टा. एका अंगाला नदीचं गढूळ पाणी, दुसऱ्या अंगाला समुद्राची लाट. ओंजळीत घेऊन दोन्हीकडचं पाणी चाखलं. खारटपणा एका रेषेवर सुरू होत नाही, तो हळूहळू चढत जातो. त्या मधल्या चवीच्या पाण्यातच मामाच्या झिंगीची लेकरं होतात.

गौतमीच्या काठी यानम आहे, 1954 पर्यंत फ्रेंचांकडे असलेलं गाव, आज पुदुच्चेरीत मोडतं. त्याच्या पुढे कोरिंगाचं खारफुटीचं जंगल. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून आत जाता येतं. खाली चिखलात मुळं श्वासासाठी वर आलेली, त्यांच्यामधून बोटभर लांबीचे जीव सुळसुळतात. मासे मारणारी रानमांजर इथे राहते. कोरिंगा हे कधी काळी जहाजं बांधणारं नामी बंदर होतं. 1839 च्या वादळानं ते झोपवलं ते कायमचं. धंदा काकीनाड्याला गेला. काकीनाड्यासमोर होप आयलंड नावाचं वाळूचं लांबट बेट आहे. गेल्या दोनशे वर्षांत गोदावरीनं आणलेल्या गाळानं ते तयार झालं आणि आज तेच बंदराला लाटांपासून आडोसा देतं. त्या गाळात वैनगंगेची रेती नक्कीच आहे. आता आमच्या घाटांवरची रेती ट्रकांत भरून शहरांकडे जाते. बेटाच्या वाट्याला किती उरत असेल, कोण जाणे.

इथवर गोष्ट खाली उतरण्याची झाली. चढण्याची गोष्ट वेगळी आहे.

कॉटनचा धवळेश्वरमचा बंधारा बसका होता. पूर आला की बुडायचा, आणि झिंग्याचं पिल्लू ओल्या दगडावरून पार व्हायचं. म्हणून बंधारा झाल्यावरही शंभर-सव्वाशे वर्षं आमच्या टोपल्या भरत होत्या. 1970 नंतर तिथे उंच दारांचा नवा बॅरेज झाला. आज समुद्राकडून निघालेल्या पिल्लानं काय काय ओलांडायचं, ते बघा. धवळेश्वरम, मग पोलावरमचं धरण, दुम्मुगुडेम, तुपाकुलगुडेमचा सम्मक्का बॅरेज, 2019 चा मेडीगड्डा, चामोर्शीजवळ वैनगंगेवरचा चिचडोह, आणि हे सगळं पार झालंच तर पवनीच्या डोक्यावर गोसेखुर्द. मेडीगड्ड्याचे खांब 2023 च्या ऑक्टोबरात खचले, त्याची देशभर चर्चा झाली. त्याच बॅरेजनं वरच्या नदीत चढणारी मासळी अडवली, त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

गोसेखुर्दची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली. सव्वाअकरा किलोमीटर लांब धरण, 33 दारं, पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. धानाला पाणी मिळालं, हे मी नाकारणार नाही; रोवणा पावसाच्या भरवशावर टांगलेला असण्याचे दिवस मी पाहिले आहेत. पण गावंच्या गावं उठली. नदीच्या रेतीत उन्हाळ्यात डांगरवाड्या लावणारे ढिवर त्या रेतीसकट गेले, आणि सातबारा नावावर नसल्यानं रेतीची नुकसानभरपाई कोणत्या रकान्यात लिहायची, हे कोणालाच सुचलं नाही. नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे येऊन साचलेल्या पाण्यात मिसळतं. त्यावर जलपर्णी माजते आणि जाळं टाकायला जागा उरत नाही.

मामा गोसेखुर्दची दारं लागल्यावरही काही वर्षं होता. "आंगंमांगं पानीच पानी झालं बाप्पा, पर नदी कोठी गेली?" असं विचारायचा. त्याच्या घरच्यांनी टोपली खाली ठेवली. आज पवनी-अड्याळच्या बाजारात मासळी भरपूर दिसते. थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ घालून रोहू-कतला आंध्रातून ट्रकनं येतात, गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडच्या तळ्यांत वाढवलेले. म्हणजे समुद्राकडची मासळी कोंढ्याला अजून येते, फक्त डिझेलवर येते आणि ढिवराच्या हातून येत नाही.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. गंगेत हिलसा समुद्रातून चढून प्रयागपर्यंत जायची. 1975 ला फराक्क्याचा बॅरेज सुरू झाला आणि बिहार-उत्तर प्रदेशातली हिलसा आटली. आता तिथे बोटींच्या नव्या जलपाशातून हिलशाला वर सोडायचा प्रयत्न सुरू आहे. युरोप-अमेरिकेत धरणाच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांची माशांसाठी वाट बांधणं ही जुनीच गोष्ट. सरपटत चढणाऱ्या लहान जीवांसाठी तर खडबडीत, ओला उतार ठेवला तरी काम भागतं. हजारो कोटींच्या बांधकामात असा उतार म्हणजे चिल्लर खर्च. अडचण पैशाची नाही; नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर झिंगा कधी पोहोचलाच नाही, ही आहे.

आता वैनगंगेचं पाणी गोसेखुर्दमधून चारशे किलोमीटरांहून लांब कालव्यानं बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत नेण्याच्या प्रकल्पाला 2024 मध्ये राज्याची मंजुरी मिळाली आहे. पश्चिम विदर्भाच्या शेतकऱ्याला पाणी मिळावं, त्याला कोण नको म्हणेल? पण नदीचं पाणी वळवण्याचा कागद पुन्हा टेबलावर आलाच आहे, तर त्यात दोन ओळी वाढवाव्यात. एक, गोसेखुर्दपासून खालच्या प्रत्येक दारापाशी मासळीला चढायची वाट. महाराष्ट्रातल्या बंधाऱ्यांवर ती आपण करावी आणि तेलंगण-आंध्राशी पाणीवाटपाला बसताना हाही विषय मांडावा. दुसरी, या विषयावर बोलवायच्या तज्ज्ञांच्या यादीत पवनी, आरमोरी, सिरोंच्याच्या म्हाताऱ्या ढिवरांची नावं. पुस्तकात नसलेली नदी त्यांना पाठ आहे, आणि ती सांगणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत. ती आहेत तोवर विचारून घ्या.